नामपूरला, ताईचे पाय बघायला

नाशिकहून सकाळची एसटी धरली ती ताईसाठी. ताई म्हणजे नामपूरला दिलेली माझी थोरली बहीण. तिला शुगर आहे, आणि परवा फोनवर तिने सहज सांगितलं की तिने चप्पल सोडलीय. लेकीला नोकरी लागेपर्यंत अनवाणी राहीन, असा नवस ती सप्तशृंगीला बोलली होती. माझं डोकंच फिरलं. देवीसाठी सोडायला हिला चप्पलच सापडली!

सटाण्यापुढे रस्त्याच्या कडेने कांद्याच्या चाळी (कांदा साठवायच्या हवेशीर शेडी) भरणं चालू होतं. खिडकी लावली तर उकडायचं, उघडली तर धूळ. एका वळणावर माझी पिशवी फळीवरून पडली आणि ताईसाठी नेलेला चिवडा सगळ्या गाडीने थोडाथोडा खाल्ला.

ताईने कळण्याची भाकरी (उडीद-ज्वारीच्या पिठाची) आणि ठेचा वाढला. ती उकिडवी बसली तेव्हा तळव्याची जखम दिसली.

"दुखत नाय गं, लय बारीक हाय," ती म्हणाली.

"मी कवाचा सांगतो, सोताकडं बघ जरा," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे तिचे यजमान, माणूस चांगला, पण सल्ला देऊन हात धुऊन मोकळा होणारा.

मी दोघांनाही रिक्षात घातलं आणि सटाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय निरखून पाहिला. "दुखत नाही, हीच काळजीची गोष्ट आहे. असंच अनवाणी चाललात तर पाय वाचवणं अवघड होईल."

बाहेर येऊन मी समोरच्या दुकानातून मऊ चप्पल घेतली. ताई तिला हात लावेना.

"नवस मोडला अन् पोरीचं काय बरंवाईट झालं तर?"

ती घाबरली होती, आणि मीही.

"बाईमाणसानं सोताची काळजी घ्याया पाह्यजे," दाजींनी पुन्हा सुरू केलं.

ताईने त्यांच्या बुटांकडे पाहिलं. "पोर तुमनी बी शे ना?" (मुलगी तुमचीही आहे ना?)

"शे."

"मंग काढा बूट. ऱ्हायलेला नवस तुम्ही फेडा."

घरातल्या एकाचा नवस दुसऱ्याने पुरा करायची रीत तिकडे आहेच. बायकोचा नवऱ्याने केलेला मात्र मी कधी ऐकला नव्हता. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. शेवटी त्यांनी बूट काढले. ताईने सप्तशृंगीच्या गडाच्या दिशेला हात जोडले. "आई, तुझं काय बुडत नाय. फक्त पाय बदलले."

मग दाजी तापल्या डांबरावरून सावली शोधत रिक्षाकडे पळाले. मागून नव्या चपलेत ताई ओरडली, "कडंनं चला, खडी हाय!"

परतीच्या गाडीत मी विचार करत होते. स्वतःची काळजी घे, असं आपण बायकांना सांगतो, तेव्हा त्यांच्या कामांत आणखी एक काम घालतो. ताईने ते वाढवून घेतलं नाही, वाटून टाकलं. मला तिचा अभिमान वाटला, थोडा हेवाही.

घरी पोचले तेव्हा नवरा आणि मुलगा जेवायचे थांबले होते. भाजी बाहेरून आली होती. पोळ्यांसाठी माझी वाट पाहणं चाललं होतं. मी पंख्याखाली पाय पसरून बसले.

"कणीक मोठ्या डब्यात आहे," मी सांगितलं.