चांद्याला मारलेला दगड

जामसर सोडलं त्या सकाळी मी मागे वळून पाहिलं ते फक्त दगड मारण्यासाठी.

पाड्याची शीव ओलांडली तरी चांद्या माझ्या मागून येतच होता. काळा कुत्रा, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांद्या. आई शिवेवरच्या सादड्याच्या झाडाला हात टेकून उभी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता, उजेड आणि सावली एवढंच तिला कळे. उन्हाळ्यात पाण्यासाठी खाली दरीतल्या झऱ्यावर उतरावं लागतं. चांद्याच्या गळ्यात घुंगरू बांधलेलं होतं. तो पुढे, आणि त्या आवाजामागे डोक्यावर हंडा घेऊन आई, अशी ती दोघं रोज जाऊन येत.

"आरं, हाकल त्याला!" आई ओरडली. "तो तुझे मागं गेला त मना पान्यावर कोन नेल? दगूड मार, लहान्या. दया नको करू."

पहिला दगड मी मुद्दाम चुकवला. त्याला वाटलं खेळतोय, शेपूट हलवत आणखी जवळ आला. दुसरा नेम धरून मारला. मागच्या पायावर बसला. चांद्या केकाटला, तीन पायांवर दोन उड्या मारल्या आणि वाटेतच खाली बसला. घराकडे गेला नाही आणि माझ्याकडेही आला नाही. मी पळत सुटलो. वळणावर थांबून कान दिला, पण घुंगरू वाजलं नाही.

पाड्यातल्या लोकांनो, तुमच्यातले काही मागे राहिलात आणि काही माझ्यासारखे डहाणूची गाडी पकडून खाली मुंबईला उतरलात. सगळेच विचारता, लहानू मुंबईला गेला आणि तीन महिन्यांत हात हलवत परत का आला? आजवर मी ताप आला होता असं सांगत आलो. ते खोटं आहे.

घरातली नागली फाल्गुनातच संपली होती. लहानपणी जव्हारला संस्थानच्या एका कारकुनाच्या घरी पाणी भरायचो, तिथेच त्यांच्या मुलांच्या पाटीवर अक्षरं शिकलो. त्याच कारकुनाने मुंबईच्या एका पारशीण बाईंकडे माझी शिफारस केली. काम काय, तर कुत्रा फिरवायचा! जामसरला हे सांगितलं तेव्हा पाडाभर हशा पिकला होता. कुत्रा आपला आपण फिरतो, त्याला माणूस कशाला?

बाईंचा कुत्रा रॉबिन. सोनेरी केस, पितळी कडीची साखळी, सकाळी दूध-पाव. बंगल्याजवळ टेकडीवर मोठी बाग होती. तिच्यातून लाल मातीची एक पायवाट वळणं घेत माथ्यापर्यंत जायची. सकाळी तिथे साहेबलोकांच्या कुत्र्यांची जत्रा भरे. फाटकावर पाटी होती: साखळीत बांधलेले कुत्रे नेण्यास हरकत नाही. माणसांबद्दल पाटीवर काही नव्हतं. एकदा मी रॉबिनशिवाय आत शिरलो, तर पहारेकऱ्याने दंडाला धरून बाहेर काढलं. कुत्र्याला बागेची मुभा होती आणि मला कुत्र्यामुळे. आमच्याकडे पिसाळलेल्या कुत्र्याशिवाय कोणाला बांधत नाहीत. इथे साखळीच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला मी.

बाई वाईट नव्हत्या. "पाऊस लागायच्या आधी मागची खोली देते तुला," म्हणाल्या होत्या. "मायला पण घेऊन ये." खोलीच्या दारातच नळ होता. मी येता-जाता तो उघडायचो, धार बघायचो आणि बंद करायचो. आईला एवढंच दाखवायचं होतं. दाखवायचं कसलं, तिचा हात धरून धारेखाली ठेवायचा होता.

पण आई होती का? रोज त्या पायवाटेवर माझ्या डोक्यात तेच. चांद्या उठला की नाही? त्याचा पाय मोडला असेल तर? शेजारणी चार दिवस पाणी आणून देतील. पण हंडाभर पाण्याला जिथे अर्धा दिवस जातो, तिथे रोज कोण कोणाचं भरणार? पत्र लिहावं तर पाड्यात वाचणारं कोणी नाही. निघून जावं तर नोकरी जाईल, आणि खोलीही. वैशाखात जव्हारचा एक माणूस बाजारात भेटला. म्हणाला, "औंदा झरे लय लवकर आटले." जामसरचं विचारलं, तर त्याला काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या सकाळी टेकडीच्या माथ्यावर मी रॉबिनची साखळी सोडली. दगड उचलला आणि त्याच्या पायाशी आपटला. "जा! घरी जा!" तो माझ्याकडे बघत राहिला. मी आणखी एक मारला, तशी कान पाडून तो झुडपांत पळाला. हाकललेला कुत्रा घरी जातो की नाही, मला एवढंच बघायचं होतं. हा गेला तर चांद्याही गेला असेल. वेडेपणा होता. पण दुसरं कोणाला विचारणार होतो मी?

आणि मग मी भानावर आलो. रॉबिन हरवला तर? मी ती वाट तीनदा चढलो आणि उतरलो. हाका मारता मारता तोंडातून चांद्याचंच नाव येऊ लागलं. शेवटी रिकामी साखळी घेऊन बंगल्यावर आलो. रॉबिन पायरीवर बसून धापा टाकत होता.

मी मटकन खाली बसलो आणि हसलो. हसता हसता रडू फुटलं.

"एकटा आला रॉबिन!" बाई त्याला कवटाळून ओरडल्या. "ट्रामखाली गेला असता तर? आणि तू हसते? जा, तुझा काम खलास."

दुपारी मी गाडीत होतो. नोकरी गेली, खोली गेली, नळ गेला. तरी स्वतःला बजावत होतो, चांद्या घरी गेलाय.

तो घरी गेलाच नव्हता. शिवेवर पोचलो तर सादड्याखाली तीन दगडांची चूल, एक हंडा, एक चटई आणि आई. खंगून अर्धी झालेली. तिच्या पायाशी चांद्या.

"पान्यावर नेतो," आई म्हणाली, "पन वळून आथंच येतो. तुझे वाटंवर बसतो. घरी येयना. मंग मीच चूल आनली."

चांद्या उठला. मागचा पाय त्याने टेकला नाही. घुंगरू वाजलं. शेपूटही थोडी हलली. मी त्याला कुरवाळायला खाली वाकलो. त्याला वाटलं मी दगड उचलतोय, आणि तो आईच्या मागे सरकला.

आई पुढे मुंबईला आली नाही. मी पुन्हा आलो, गोदीत लागलो, इथलाच झालो. आता शिवेवर ना चूल आहे ना घुंगरू. तरी वर्षातून एकदा जामसरला जातो तेव्हा सादड्यापाशी थांबतो. वहाणेत खडा गेला तरी वाकत नाही. दोन्ही हात मोकळे सोडून ताठ उभा राहतो, आणि मग आत पाऊल टाकतो.