वैजूचा मागे घेतलेला लेख

वैजू गेल्याचा श्रीकांतचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या इंडियन स्टोअरमध्ये भेंडी निवडत होते. हार्ट अटॅक, लॅबमध्येच. त्याच्या बायकोची बातमी त्याच्या तोंडून ऐकताना, रडू फुटायच्या आधी माझ्या मनात जे आलं ते आज लिहून टाकते... आता हिचे लेख छापून यायचे थांबतील. नागपूरला मेडिकलला एका बाकावर बसलेली माझी मैत्रीण, आणि मला काय सुचावं!

तिच्या यशानं माझ्या पोटात दुखणं जुनंच होतं. अमेरिकेत आलो तेव्हा दोघींनाही संशोधनच करायचं होतं. यकृताच्या जुनाट आजारातून कॅन्सर कसा मूळ धरतो, याच्या मागे ती हात धुऊन लागली. मी मुलं, नवऱ्याच्या बदल्या असं करत करत हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट झाले. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशंटांच्या स्लाइड वाचायच्या आणि रिपोर्टखाली सही करायची. काम वाईट नव्हतं, पण वैजूचं नाव दर दोन-चार महिन्यांनी छापून यायचं. गणपतीत मंडळात कुणी "वैजयंतीताईंचं नवीन काय पब्लिश झालं?" विचारलं की मी मोदक आणायला आत पळायचे. बरं, बाईवर चिडायलाही सोय नव्हती. प्रत्येक लेख पाठवायच्या आधी ती मला वाचायला द्यायची. "तू एकदा ओके म्हण गं मीनल, मग मला टेन्शन नाही," असं म्हणायची.

२००३ साली तिचा सगळ्यांत मोठा लेख माझ्याकडे आला. नवं औषध दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांच्या यकृताचे फोटो त्यात शेजारी शेजारी होते. मी पाहिले आणि थबकले. दोन्ही फोटो एकाच स्लाइडचे होते, एक नुसता फिरवून लावलेला. लॅबमध्ये कुणाची तरी गफलत झाली असणार. वैजू लबाडी करणारी नव्हे, तेवढं मी तिला ओळखत होते. एक फोन पुरला असता. मी शेवटच्या पानावर "मस्त!" असं लिहिलं आणि पाकीट परत केलं. का? ... एकदा तरी हिची फजिती व्हावी, एवढंच मला हवं होतं.

लेख गाजला. पुढे वर्षभरानं चूक तिलाच सापडली. मूळ नमुने काढून पाहिले, तर नुसता फोटोच नव्हे, नमुन्यांच्या लेबलांचीही अदलाबदल झालेली. निष्कर्षच उभा राहीना. कुणी बोट दाखवायच्या आत तिनं स्वतः जर्नलला कळवून लेख मागे घेतला. त्याच रविवारी माझ्याकडे चहाला आली आणि म्हणाली, "तुझ्यासुद्धा लक्षात नाही आलं ना गं?"

"घाईत वाचला असेन," मी म्हटलं.

"होतं यार असं," म्हणून तिनं बिस्किट चहात बुडवलं. आणि खरं सांगते, तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला. चूक कबूल करण्यातसुद्धा ही माझ्या पुढेच!

गेल्या आठवड्यात श्रीकांतनं शोकसभेसाठी तिच्या लेखांची यादी तपासायला मला घरी बोलावलं. मागे घेतलेला लेख लोक यादीतून गुपचूप गाळतात. वैजूनं तो ठेवला होता, आणि मागे घेतल्याचं पुढे स्वच्छ लिहिलं होतं. मला राहवेना.

"श्रीकांत, ही चूक मी तेव्हाच पाहिली होती," मी म्हणाले. "मुद्दाम सांगितली नाही."

त्यानं हातातली यादी खाली ठेवली आणि म्हणाला, "लेख पाठवायच्या आधी लॅबमधल्या एका मुलीला त्या फोटोंचा डाउट आला होता, मीनल. वैजू तिलाच ओरडली. मीनलनं वाचलंय म्हणाली, विषय संपला."

यादीबरोबर त्यानं मला जर्नलचा तो जुना अंकही दिला. तो माझ्या टेबलावर आहे. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत आभार मानलेत, काळजीपूर्वक वाचून दिल्याबद्दल, माझे एकटीचे. इतकी वर्षं मला हवं होतं ते माझं छापील नाव... तिनं ते कधीच छापलं होतं, आणि मी तो लेख छापून आल्यावर उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.