खांब आले, ओटा गेला

धाकट्या भावाच्या नव्या बंगल्याच्या खांबावर मी टकटक केलं आणि आतून रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. तिथंच माझं डोकं फिरलं. दोन मजले उंच, पांढरेशुभ्र, अंगावर उभ्या पन्हळी, माथ्यावर पानं की कोबी ते कळू नये अशी नक्षी. असे चार खांब बिडकीनच्या आमच्या गल्लीत उभे होते आणि चारही पोकळ. छताचा सगळा भार मागच्या साध्या सिमेंटच्या पिलरवर होता. हे नुसते पुढं उभं राहून रुबाब करत होते.

"रोमन डिझाइन हाय, ताई," भाऊ म्हणाला. "ठेकेदारानं मोबाइलवर दाखवलं, म्या म्हणलं हेच पायजे. तुझ्याच विषयातलं हाय की."

माझा विषय! शहरातल्या एका महाविद्यालयात मी कलेचा इतिहास शिकवते. तिथंच छावणी भागात भाड्यानं राहते आणि सुट्टी मिळाली की बसनं माहेरी येते. नवअभिजातवाद शिकवताना मी हेच खांब फळ्यावर काढते. दरबारी नखरे पुरे झाले, जुन्या ग्रीक-रोमन साधेपणाकडं परत जाऊ, रेषा स्वच्छ ठेवू, भावना आवरू, कर्तव्यासाठी माणूस कसा ताठ उभा राहतो ते दाखवू, असं युरोपातल्या त्या चित्रकारांचं म्हणणं होतं. लेखकांचंही तेच. सगळं मोजूनमापून, नियमात, बुद्धीला पटेल तेवढंच. मला ती मंडळी कधीच फारशी आवडली नाहीत, पण त्यांना निदान काहीतरी म्हणायचं होतं. आमच्या खांबांना काय म्हणायचं होतं? जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि मोबदला आला, एवढंच.

खांबांचंही मी सोसलं असतं. पण ज्या जागेवर ते उभे होते, ती जागा मायची होती. जुन्या घराला रस्त्याच्या कडेनं शहाबादी फरशीचा लांब ओटा होता. वडील गेल्यापासून मायची दुपार त्याच ओट्यावर जायची. गल्लीतल्या बाया भाजी, तांदूळ, लसूण घेऊन यायच्या. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचं पोर पुण्याला गेलं, सगळं तिथं कळायचं. बाजाराला जाणारं-येणारं माणूस टेकायचं आणि पाणी मागायचं. मायचे गुडघे गेलेत. तिला कुणाकडं जाणं जमत नाही, म्हणून गाव तिच्याकडं यायचं. आता तिथं उंच पायऱ्या होत्या, स्टीलचं रेलिंग होतं, पाय घसरेल अशी चकचकीत फरशी होती आणि पुढं फाटक.

"मायनं बसायचं कुठं?" मी विचारलं.

"आत सोफा हाय, एसी हाय. इथं भाजी निवडत बसली तर एलिव्हेशन खराब दिसतंय, ताई."

एलिव्हेशन! घराच्या दर्शनी रूपासाठीचा हा ठेकेदारी शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. पोकळ खांबांसाठी जिवंत आईला आत कोंडतोस, दुसऱ्याच्या देशातलं उष्टं आणून दारात मांडतोस, लाज वाटत नाही का, असं बरंच. शेजारचे दारात येऊन उभे राहिले. भाऊही माझाच भाऊ, तो कशाला ऐकून घेतो.

"तुमच्या कॉलेजात ते प्लास्टरचं मुंडकं ठेवलंय, सरळ नाकाचं, ते कुठलं गं? पैठणचं हाय का?" तो ओरडला. "तुम्ही वर्ष-वर्ष तेच बघून चित्रं काढता. तुम्ही काढलं की अभिजात आन् आम्ही लावलं की गावंढळ, व्हय?"

माझा संताप दुप्पट झाला. त्याचं खरंच होतं. इंग्रज साहेबानं आम्हाला चित्रकला शिकवायला ती मुंडकी आणली. साहेब गेला, मुंडकी राहिली. वेरूळची लेणी इतकी जवळ असताना आमची पोरं अजून परक्या देवाचं नाक गिरवतात आणि त्यावर मार्क मिळवतात. अभिजात कशाला म्हणायचं ते ठरवणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. वर्गात मी हे पोटतिडकीनं सांगते. घरी मात्र मीच ती पायरी अडवून उभी होते, असं भावानं गल्लीसमोर सुनावलं.

माय एवढा वेळ फाटकाला धरून उभी होती. आपल्या भाषेत कलेतल्या पंथालाही वाद म्हणतात आणि भांडणालाही. मी फोनवर आज अमका वाद शिकवला असं सांगितलं की तिला नेहमी वाटायचं, वर्गात रोज कुणाची तरी जुंपते.

"ह्योच का गं तो, तू शिकवतीस तो वाद?" तिनं विचारलं.

"व्हय माय, ह्योच," मी रागातच म्हणाले.

"मिटतो का मग शेवटाला?"

मी तिला सांगितलं, मिटत नाही. नियमवाल्यांचं राज्य आलं की दुसरे उठतात आणि म्हणतात, आमच्या मनातल्या वादळाचं काय, आमच्या डोंगराचं, आमच्या साध्या बोलीचं काय? गंमत अशी, की हे बंडखोर रेषा काढायला शिकलेले असतात त्याच जुन्या मास्तरांकडं. मग तिसरे येतात आणि म्हणतात, तुमची वादळं राहू द्या, रस्त्यावर खडी फोडणाऱ्या माणसाला चित्रात जागा कुठं आहे? आपल्याकडंही वृत्तात घट्ट बांधलेली कविता होती. ती पुढं मोकळी झाली. मग ज्यांना साहित्याच्या उंबऱ्याशीही कधी कुणी उभं केलं नव्हतं, ती माणसं लिहू लागली. त्यांनी मी शिकवते त्याच शहरातून विचारलं, तुमच्या सौंदर्यात आम्ही बसायचं कुठं? प्रत्येक नवा वाद जुन्याला शेवटी एवढंच विचारत असतो, माझं काय?

मायनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग माझं बी इचार की त्याला," ती म्हणाली. "माझा ओटा कुठं हाय?"

भाऊ खाली बघू लागला. मग म्हणाला, मागं धुण्याच्या दगडाजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून देतो, तिथं सावली पण आहे.

"तिथं कोण येतंय बोलाय?" माय म्हणाली. मी तशीच शेवटच्या बसनं परत आले. पुढच्या आठवड्यात वर्गात मला ते खांब काढवेनात. मी पोरांवर विनाकारण खेकसले.

वास्तुशांतीचं जेवण झालं. मी गेले नाही. भावाशी बोलणं अजून बंदच आहे आणि ते मी सुरू करणार नाही. त्यानं खुशाल म्हणावं, ताईला मोठेपण आलंय.

परवा गेले ती फक्त मायला भेटायला. ती घरात नव्हती आणि मागच्या खुर्चीतही नव्हती. समोरच्यांच्या ओट्यावर, त्यांच्या म्हातारीशेजारी बसून मेथी निवडत होती. गुडघ्यांची एवढी दुखणी घेऊन तिनं तो रस्ता ओलांडला होता. मी शेजारी टेकले. तेवढ्यात भांडी विकणारी एक बाई डोक्यावरची पाटी उतरवून सावलीला थांबली आणि आमच्या खांबांकडं मान वर करून बघत राहिली.

"मावशी, लई भारी घर हाय वो," ती म्हणाली. "कुणाचं हाय?"

मायनं वर बघितलंच नाही. मेथीची काडी मोडत म्हणाली, "आसंल कुणाचं तरी."