नाव घातलेली भांडी

ही गेली. दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगले, तेव्हा बघतो तर मांडणीवर आमच्यापेक्षा शेजाऱ्यांचीच भांडी जास्त. सगळ्यांवर नावं घातलेली. आमची चूल बंद होती तेव्हा पेज, डाळभात त्यातूनच आला होता. काही त्याही आधीची असणार.

मी जन्मभर कारखान्यात स्टोअर सांभाळलं. सकाळी नेलेला पाना संध्याकाळी जमा झाला नाही, तर माणसाला गेटबाहेर सोडत नसे. तीच खोड. भांडी घासली, पुसली. रिकामं भांडं परत देऊ नये, एवढं हिच्याकडून ऐकलेलं, म्हणून बोर्लीच्या बाजारातून साखर आणली आणि प्रत्येकात मूठमूठ घातली. दुपारपर्यंत घरोघर पोचवून मोकळा. सुटलो एकदाचा, म्हटलं!

आणि मग कुणी येईनाच.

आमचं मागचं दार कधी मिटलेलं मला आठवत नाही. सारखी कुणी ना कुणी बाई डोकावायची, आणि मी करवादायचो. आता दिवस दिवस ते दार वाजत नव्हतं. खिचडी टाकायची, टीव्हीसमोर गिळायची. नेरूळहून मुलाचा फोन यायचा, "बाबा, इकडे या." मी म्हणायचो, "त्या खुराड्यात? नको रे बाबा." फोन ठेवला की घर खायला उठायचं. सगळी हिच्यासाठीच येत होती, माझं कुणाला काय पडलंय, असं वाटून राग यायचा आणि रडूही यायचं.

एकदा लक्षात आलं, हिचा डबा नाही. तिच्या नावाचा, तिच्या माहेरचा. थंडीत त्यातून शेजारच्या वहिनींना वालाचं बिरडं गेलं होतं. तडक गेलो.

"वहिनी, हिचा डबा राहिलाय तुमच्याकडं."

"हाय की." डबा समोरच फळीवर होता. बाई जागची हलली नाही.

"द्या मग."

"न्हाय देत."

मग तीच भडकली. "एका दिवसात सगळ्यांची भांडी दारात आणून टाकलीत, भावजी. वर साखर! आम्ही काय समजायचं? बायका म्हणाल्या, भावजींनी संबंध तोडला. आता कुठल्या तोंडानं जायचं?"

"अहो, पण ज्याचं त्याला नको द्यायला?"

"तुमची बायको कधी सगळी देत होती? एखादं ठेवूनच घ्यायची. मागायला गेलं की म्हणायची, बस की, चहा टाकते."

मला भडभडून आलं. दुसऱ्याचं भांडं घरात कशाला, म्हणून मी तिला किती बोललो असेन. "राहू दे हो," एवढंच म्हणायची.

वहिनींनी टोपात आमटी ओतून हातात दिली. "हे न्या. डबा हितंच ऱ्हाणार."

टोप मी घासून मांडणीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी मागच्या दारातून हाक आली, "भावजी, आमचा टोप?"

हात टोपाकडे गेलाच होता. तो मागे घेतला. घरात दूध नव्हतं. नसेना का.

"बसा की," मी म्हटलं, "चहा टाकतो."