माझ्याच अक्षरातली हरकत

माझ्या घरखरेदीला लेखी हरकत घेणारा अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच माणूस निघाला, आणि तो माझा बाप होता.

आम्ही येडशीला राहतो. मी, बायको सुजाता आणि दादा, म्हणजे माझे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. सुजाता धाराशिवला विद्यापीठाच्या उपकेंद्रात शिकवते. रोज एसटीनं जाते आणि रोज उभ्यानं जाते. एकदा कुणाच्या तरी तेलाच्या डब्यानं अर्धी साडी माखून घरी आली आणि म्हणाली, "दिवाळीच्या आत उपकेंद्राजवळ घर झालं नाही, तर मी वर्गातच बाकावर झोपेन. तुम्ही या डबा घेऊन!"

घर घ्यायला माझी ना नव्हती हो! अडचण दादांची होती. नेमकं सांगायचं तर त्यांच्या खिशातल्या गोटीची. कुठलंही घर बघायला गेलं की दादा खिशातून काचेची गोटी काढून फरशीवर ठेवणार. गोटी घरंगळली की निकाल लागला. "फरशीला उतार हाय. चला!" अशी तीन घरं त्या गोटीनं खाल्ली. तिसऱ्या घरात तर ती मालकाच्या सासूच्या पलंगाखाली गेली. (सासू पलंगावर होती!) दादा खाली वाकून गोटी शोधतायत, सासू वरून ओरडतेय, आणि मी मालकाला म्हणतोय, "घर छान आहे, कळवतो."

म्हणून चौथं घर दादांपासून लपवायचं ठरलं. एकदा खरेदीखत झालं की मग सांगू म्हटलं.

घर होतं जुन्या गावात, दर्ग्यामागच्या गल्लीत. निजामाच्या काळातलं, दगडी भिंतींचं, वर एक माडी, मागं आड. उपकेंद्राला स्कूटीवर दहा मिनिटं! सुजाता त्या घराच्या कट्ट्यावर बसली ती उठेचना. मालक रहीमचाचा आता सोलापूरला मुलीकडं राहायला चालले होते.

"महिन्यात कागद करा मियां," चाचा म्हणाले. "न्हाय तर भाच्याला देतो. त्याला मंडपवाल्याचं गोडाऊन करायचंय. आणि एक गुरुजी बी मागायलेत. दर गुरुवारी येतात, चहा पितात, जातात."

"कागद मी करतो. त्या म्हाताऱ्याला तेवढं टोलवत ठेवा!" मी म्हणालो.

आता बघा, आमचे दादा दर गुरुवारी धाराशिवला डोळे तपासायला जायचे. कुणाचे डोळे दर गुरुवारी तपासतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला!

वकील म्हणाले, जाहीर नोटीस द्यावी लागेल. कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी म्हणून. मी म्हणालो, "नाव माझं घालू नका. आणि जो पेपर कुणीच वाचत नाही, अशात द्या." त्यांनी एका साप्ताहिकात दिली. त्याचे संपादक दादांचे विद्यार्थी निघाले. दर शनिवारी अंक येडशीला पाठवायचे, शुद्धलेखन तपासायला!

शनिवारी सकाळी दादा लाल पेन घेऊन बसले होते. मी शेजारी चहा पीत होतो.

"अरं, रहीमचं घर कुणीतरी घ्यायलंय!"

माझ्या तोंडातला चहा नाकात गेला. "कोण... कोण रहीम?"

"मी शिकायला होतो तवा त्यांच्याच माडीवर ऱ्हायचो की. आणि हे बघ, घेणाराचं नावच न्हाय. नुसतं 'आमचे अशील'! ज्याला नाव सांगायची लाज वाटती, तो माणूस धड असंल का?"

"नसंल," मी म्हणालो. (दुसरं काय म्हणणार?)

"हरकत घ्यायची. आण कागद. माझा हात कापतो, तू लिही."

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण दादांनी 'लिही' म्हटलं की मी आजही चौथीत जातो. लिहायला बसलो. सात मुद्दे! तिसरा होता, 'सदर खरेदीदार हा लपूनछपून व्यवहार करणारा, भित्रा व बिनभरवशाचा इसम दिसतो.' त्यातलं 'भित्रा' त्यांनी दोनदा अधोरेखित करायला लावलं. तेही मी पट्टी लावून केलं.

"मी टाकतो पोस्टात," मी पाकिटाला हात घातला. मनात म्हटलं, पहिल्याच वळणावर फाडू.

"नगं. तू विसरतोस." आणि स्वतः चप्पल घालून निघालेसुद्धा!

सुजातानं हे ऐकून डोक्याला हात लावला. "अहो, तुमच्या हातानं?"

"दादा सांगत होते ना!"

"उद्या दादांनी तुमच्या अटकेचा अर्ज सांगितला, तर तोही लिहाल. सुवाच्य अक्षरात!"

दोन दिवसांनी वकिलांचा फोन आला. "हरकत आलीय. वर्णन तुमचं अगदी बरोबर केलंय. अक्षर बी तुमचंच दिसतंय. काय चाललंय हे?" मी काय सांगणार, कपाळ! त्यांनी गुरुवारी सगळ्यांना कचेरीत बोलावलं.

आम्ही दोघं पोचलो तर दादा आणि चाचा आधीच चहा पीत बसलेले.

"तू कशाला आलास?" दादा म्हणाले. "माझा चष्मा राहिला व्हय घरी?"

"गुरुजी," वकिलांनी घसा साफ केला, "हेच आमचे अशील."

दादांचा कप हवेतच राहिला. तेवढ्यात चाचा खुश होऊन म्हणाले, "अरे वा, हे तुमचे साहबजादे? यांनीच तर सांगितलं, त्या म्हाताऱ्याला टोलवत ठेवा म्हणून!"

जमीन दुभंगली असती तर मी उडी मारली असती. दादांनी कप खाली ठेवला.

"मी डोळे तपासायला येत नव्हतो," ते म्हणाले. "सूनबाई रोज उभ्यानं येती-जाती. वर्ष झालं रहीमला म्हणतोय, घर दुसऱ्याला देऊ नगंस, माझ्या पोराला दे. तुला बोललो न्हाय, तुझ्या पोटात काय राहत न्हाय म्हणून. पण तू मला सांगायला पाहिजे होतंस."

मला लई वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त चीड आली! एका छपराखाली राहणारी दोन माणसं एकाच घरासाठी एकमेकांपासून तोंड लपवत फिरत होती!

"दादा, आता हरकत मागं घ्या ना," सुजाता हळूच म्हणाली.

"आधी घर बघू. मी पसंत केलं तवा गोष्ट येगळी. आता यानं पसंत केलंय."

वकिलांसकट सगळी वरात चाचांच्या घरी गेली आणि दादांच्या खिशातून गोटी निघाली! उंबऱ्याशी ठेवली. ती मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात गेली, मागच्या पायरीवरून टुणकन उडाली आणि थेट आडात! डुबुक! सुजातानं डोळे मिटून घेतले. मी मनात मंडपवाल्याला शुभेच्छा दिल्या.

दादा आडात डोकावले, मान हलवली आणि म्हणाले, "झ्याक! पाणी तुंबू नये म्हणून उतार ठिवलाय. पूर्वी लोकांना अक्कल होती."

"मग ती तीन घरं?" मी ओरडलोच.

"ती नवी होती. वकीलसाहेब, सहा मुद्दे मागं घेतो. तिसरा राहू द्या. असल्या इसमाच्या नावावर घर नगं. सूनबाईच्या नावावर करा."

सुजातानं एका शब्दानं विरोध केला नाही!

दिवाळी आम्ही तिघांनी नव्या घरात केली. दादा माडीवर राहतात, त्यांच्या जुन्या खोलीत. हरकत मागं घेतल्याचा अर्जसुद्धा त्यांनी सांगितला आणि मीच लिहिला. त्यामुळं या घराच्या फायलीत माझं अक्षर भरपूर आहे. सही मात्र एकाच जागी आहे, खरेदीखताच्या शेवटच्या पानावर, दादांच्या सहीखाली: साक्षीदार क्रमांक दोन.