चष्म्याचं रिकामं घर

आमच्या कपाटावर एक खोका होता. कपाटाचं दार जरा जोरात लावलं की खोक्यातले चष्मे खडखडायचे. आई वैतागायची, "देऊन टाक गं ते एकदाचे." मी म्हणायचे, "या रविवारी." आता खोका नाही, कपाटही बदललं, तरी दार लावताना माझा हात अजून आपोआप हळू होतो.

चष्मे आमच्या घरी कसे आले ते सांगायचं तर संघटनेपासून सुरुवात करावी लागेल. तरुणांची ही संघटना जगभर पसरलेली आहे. नेतृत्व शिकायचं आणि समाजसेवा करायची, असं तिचं काम. आमच्या शहरातही तिची शाखा आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीने मला तिथे नेलं, तेव्हा समाजसेवेची कळकळ वगैरे मला नव्हती, खोटं कशाला बोलू! मी मराठी शाळेतली, चारचौघांत इंग्रजी बोलायचं म्हटलं की अडखळायचे. मला धीट व्हायचं होतं आणि जमलंच तर परदेशातल्या अधिवेशनाला जायचं होतं. क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये मी शपथ घेतली, अध्यक्षांनी माझ्या ओढणीला संघटनेची पिन लावली, घंटा वाजली. घरी येऊन मी ती पिन आरशात तीनदा पाहिली.

एप्रिलमध्ये आम्ही पिशोर या गावी नेत्रतपासणी शिबिर घेतलं. फोटोंचं काम माझ्याकडे होतं. डॉक्टर डोळे तपासून नंबर लिहून देत होते, चष्मे मात्र नंतर तयार होऊन यायचे होते. अडचण अशी, की आमचं वर्ष जूनअखेर संपतं. जुलैत अध्यक्ष नवा, उपक्रम नवे. जुन्या वर्षाचा अहवाल त्याआधीच पाठवावा लागतो, आणि अहवालात चष्मे वाटल्याचे फोटो हवे होते. युक्ती मलाच सुचली. डॉक्टरांच्या टेबलावर चष्म्याचं एक निळं घर पडलेलं होतं. ते एकाच्या हातात द्यायचं, फोटो काढायचा, परत घ्यायचं आणि पुढच्याला द्यायचं. अध्यक्ष म्हणाले, "डोकं आहे हं तुला!" मी फुलून गेले.

रांगेत एक आजी होती. इतरांसारखं तिने ते नुसतं हातात धरलं नाही, उघडून आत बोटं फिरवली.

"बाई, ह्यात तर काहीच नाय."

"येणार आहे आजी. मी स्वतः आणून देते."

"कधी येशील? दिवाळी झाली की नातीचं लगीन हाय. तिच्यासाठी गोधडी घेतलीय शिवायला, पण सुईत दोरा जाईना बघ."

"लग्नाच्या खूप आधी. नक्की. थोडं वर धरा, हां, छातीपाशी. आता हसा."

आजी हसली. मी घर काढून घेतलं आणि पुढच्या माणसाला दिलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात चष्म्यांचा खोका आला. वाटपाची हमी मीच दिलेली, म्हणून तो माझ्या घरी आला. आठ दिवसांनी पदग्रहण समारंभ झाला. पडद्यावर आमच्या शिबिराचे फोटो दाखवले. भिंतभर आजी हसत होती, हातात रिकामं घर घेऊन. टाळ्या झाल्या आणि वर्षातली उत्तम नवी सदस्य म्हणून मला चषक मिळाला. मी नव्या अध्यक्षाला खोक्याचं सांगितलं. तो म्हणाला, "तो मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट ना? पूर्ण झालाय तो. यंदा आपण झाडं लावतोय."

त्याच्यावर ढकलणं सोपं आहे. पण पिशोर काही सातासमुद्रापार नव्हतं. मला फक्त एक रविवार काढायचा होता. मी झाडं लावायला गेले, भाषणाच्या स्पर्धेला गेले, इंग्रजीत न अडखळता बोलायला लागले. खोका खडखडू नये म्हणून मी दार हळू लावायला शिकले.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी खोका मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. पिशोरला पोचले तर कळलं, गणपतीच्या दिवसांत दुसऱ्या कुणीतरी शिबिर घेतलं होतं आणि बहुतेकांना तेव्हाच चष्मे मिळाले होते. मी खोक्यातून आजीच्या नावाचा चष्मा काढून घेतला, खोका आरोग्य केंद्रात ठेवला आणि तिचं घर शोधलं.

दारात तिची सून होती. मी कोण ते सांगितलं.

"तुमीच का त्या? लई वाट पाह्यली तुमची. दुसऱ्या शिबिराला चला म्हनलं तर हटून बसल्या. म्हनल्या, माझा चष्मा झालाय, पोरगी घेऊन येनार हाय. मी तिथं घेतला तर दुसऱ्या कुनाचा तरी कमी पडंल."

नातीचं लग्न होऊन गेलं होतं. कोपऱ्यात अर्धी गोधडी घडी करून ठेवली होती आणि सुई तशीच टोचलेली होती. चष्म्याचं घर आजीच्या मांडीवर ठेवून मी तिला चष्मा घातला.

"दिसतंय का आजी?"

"दिसतंय की! लई चांगलं दिसतंय."

ती माझ्या मागच्या भिंतीकडे बघून बोलत होती. सून हळूच म्हणाली, "दिवाळीपासून निस्ती सावली दिसती त्यांना. मोतीबिंदू पिकलाय, चष्म्याचं काम नाय म्हनले डॉक्टर."

पुढे सुनेनेच आजीचं ऑपरेशन करून आणलं. एका डोळ्याने आता बरं दिसतं, असं तिने फोनवर सांगितलं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी संघटनेतून बाहेर पडले, पिन खणात टाकली, आणि तरी तो दिवस मागे लागलेलाच आहे.

त्या दिवशी निघायला म्हणून मी उठले, तेव्हा आजीने चाचपडत माझा हात धरला.

"अगं, फोटू नाय काढला. तुला तिकडं दाखवावा लागंल ना?"

मी मोबाइल काढला नाही. तिला ते कळलं नाही. तिने मांडीवरचं चष्म्याचं घर उघडलं, मी शिकवलं होतं तसं छातीपाशी धरलं, थोडं वर केलं आणि भिंतीकडे बघून हसली.