जास्वंदीचा काढा

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि दुष्काळ जुनाच होता. कलेक्टर कचेरीतले एक कारकून आमच्या शेजारी राहायचे. टँकर चौथ्या दिवशी यायचा, तरी भांडी विसळलेलं पाणी ते दारच्या जास्वंदीलाच घालायचे. कुणी गणपतीसाठी फूल मागितलं की म्हणायचे, "देवाला कुठं बीपी हाय?"

रोज सकाळी ते पाकळ्या उकळून त्यात लिंबू पिळायचे. जांभळट पाणी लालभडक झालं की मला हाक मारायचे, "गुरुजी, रंग बघा! लई गुणाचा हाय." वहिनी मात्र तोंड फिरवायच्या. "नको मला. गोळीच बरी." शेवटी त्यांनी वहिनींच्या बीपीच्या गोळ्या आणणंच बंद केलं.

उन्हाळा सरायच्या आत वहिनींना लकवा मारला. वाचा गेली. मला वाटलं, आता ते जास्वंद उपटून टाकतील.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेलो. ते उशाशी बसून वहिनींच्या वाकड्या तोंडात चमच्यानं काढा घालत होते. लाल ओघळ हनुवटीवरून पदरावर उतरत होता. वहिनी माझ्याकडे एकटक बघत होत्या.

"बघा गुरुजी," ते समाधानानं म्हणाले, "आता नको म्हणत न्हाई."